काका पट्टा बांधायचे न्हाईत

आमच्या काकांच्या गोष्टी सांगायला मला लय आवडायचं. पाहुणा आला की चहाचा कप त्याच्या हातात जायच्या आधीच मी सुरू! काका वायरमन. पालमच्या आसपासच्या खेड्यांत लाइट येऊन फार वर्षं झाली नव्हती, विहिरींवर नव्या मोटारी बसायल्या होत्या, आणि जरा वारं सुटलं की कुठंतरी तार तुटलीच म्हणून समजा.

आता नियम असा, की आधी सबस्टेशनला निरोप द्यायचा, तिकडून लाइन बंद करून घ्यायची, कमरेला पट्टा, हातात रबरी मोजे, खाली राखणीला एक माणूस, आणि मगच खांबावर चढायचं. निरोप जायचा सायकलवर. म्हणजे अर्धा दिवस गेलाच. तोवर शेतकरी वायरमनच्या दारात, "साहेब, गहू वाळायलाय हो!" दुसरे वायरमन म्हणायचे थांबा. आमचे काका म्हणायचे चला. ट्रान्सफॉर्मरजवळच्या डीपीच्या पेटीचा खटका आपणच ओढायचे आणि चिंचेवर चढावं तसे खांबावर. पट्टा न्हाई, मोजे न्हाईत. आपण वर असताना खाली कुणी उतावळा येऊन खटका परत वर करील का, याचा विचारच न्हाई.

एकदा एका म्हातारीनं खालून विचारलं, "लेकरा, भ्या वाटत न्हाई का रे?" तर काका वरून म्हणतात, "मावशी, वर लय गार हवा हाय, तूच ये!" हे सांगताना मी त्यांचा आवाज काढायची. सगळे पोट धरून हसायचे.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात आमची ताई आली, आतेबहीण, औरंगाबादला मानसशास्त्रात एम.ए. करत होती. तिलाही मी सगळं सांगितलं, म्हातारीचा किस्सा तर दोनदा. ताई हसली न्हाई.

"हे कधीपासून गं?" एवढंच विचारलं तिनं.

मी म्हणलं, पहिल्यापासूनच असतील. पण आई चुलीपाशी होती, तिचा हात भाकरीवरच थांबला. "पहिल्यापासून कुठलं? तुझी काकू होती तवा बांधायचे की पट्टा. ती पट्टा हातात द्यायची, मग डबा."

काकू बाळंतपणात गेली. बाळही गेलं. काका त्या दिवशी दुसऱ्या गावात तार जोडत होते, निरोप घेऊन माणूस पोचला तेव्हा तिथं लाइट लागली होती आणि लोक काकांना पेढा भरवत होते. त्यानंतर काका कधी रडले न्हाईत, दारूला शिवले न्हाईत. उलट जास्तच हसायला लागले. आमी म्हणायचो, देवमाणूस हाय, सावरला.

ताईच्या प्रबंधाचा विषय नेमका हाच निघाला. ती सांगायची, काही माणसं स्वतःच्या जिवाचं सरळ काही करत नाहीत. फक्त जीव राखायचं सोडून देतात. कुणी औषध घेत नाही, कुणी चालत्या गाडीतून उतरतो. लोक त्याला बेफिकीर म्हणतात, शूर म्हणतात. अशा माणसांत पुढे आत्महत्येचा धोका जास्त असतो का, हे तिच्या सरांना आणि तिला शोधायचं होतं. "प्रत्येक निष्काळजी माणूस तसा नसतो," ती म्हणाली. "पण विचारून बघायला पाहिजे. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही."

विचारायचं? असलं? आमच्या घरात काकूचं नावसुद्धा कुणी घेत नव्हतं!

तिनं विचारलं. संध्याकाळी काका जेवत होते, बाबा शेजारी, ताई समोर येऊन बसली. "मामा, रागावू नका. तुम्हाला जगावंसं वाटतं का?"

बाबांच्या हातातला घास ताटात पडला. काका मात्र चटणीला बोट लावत शांतपणे म्हणाले, "मी काही करून घेणार न्हाई बाई. तेवढं घाबरू नको."

"आणि आपोआप काही झालं तर?"

काकांनी जरा विचार केला. कुणी बसची वेळ विचारल्यावर करावा तसा. "मग मी काय बाजूला सरकणार न्हाई."

आणि त्यांनी अजून एक भाकरी मागितली. आईनं वाढली.

बाबा गुरुजी. कधी कुणाशी आवाज चढवून बोललेले मी पाहिलं न्हाई. दुसऱ्या दिवशी ते सरपंचांकडं गेले, कारण मधेच एक भलतंच होऊन बसलं होतं. आसपासच्या गावांनी मिळून काकांचा सत्कार ठरवला होता. फेटा, शाल, नारळ. मारुतीसमोरच्या चौकात! तुमाला वाटेल त्यात काय? आमी बौद्ध. बाबा लहान असताना त्या चौकातून जाताना त्यांच्या वडलांना पायातलं काढून हातात धरावं लागायचं. त्या चौकात आमच्या वस्तीतल्या माणसाला फेटा बांधणार, ही गोष्ट आमच्या जन्मात पहिलीच. वस्तीतल्या बायांनी नवी लुगडी काढून ठेवली होती. आणि बाबा सांगायला गेले की सत्कार करू नका, तुमी ज्या गोष्टीला टाळ्या वाजवायलेत ती गोष्ट त्याचा जीव घेईल.

सरपंच हसले म्हणे. "गुरुजी, आजवर आमी मान देत न्हवतो म्हणून बोलणी खाल्ली. आता द्यायलोत तर तुमालाच नको?" शेजारी बसलेला एकजण म्हणाला, "सख्ख्या भावाचा मान बघवंना, दुसरं काय!"

वस्तीतसुद्धा बाबांना तेच ऐकावं लागलं. त्यांना तो फेटा हवा होता, मला दिसत होतं ना. आपल्या भावाच्या डोक्यावर, त्या चौकात. आणि त्याच फेट्याची त्यांना भीती वाटत होती. त्याच दिवशी काकांनी आपली सायकल त्यांच्या हेल्परला देऊन टाकली. "मला काय करायची," म्हणाले. मला वाटलं किती दिलदार! ताई मात्र म्हणाली, "आपल्या वस्तू देऊन टाकायला लागले, हे चांगलं लक्षण नाही."

सत्काराला चौक भरला होता. फेटा बांधला, शाल घातली, सरपंचांनी भाषण केलं, असा निडर गडी जिल्ह्यात न्हाई वगैरे. आणि मधेच भोंगा बंद पडला. खांबावर बांधला होता, त्याची वायर निसटली. कुणीतरी ओरडलं, "वायरमन साहेब इथंच हायत की!" झालं! हशा, शिट्ट्या. काका उठले. शाल खुर्चीवर ठेवली, फेटा तसाच. कुणीतरी म्हणालं, थांबा, लाइन बंद करून येतो. काकांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. चढले.

वर गेले आणि वायरला हातच लावंनात. नुसते एका हातानं खांब धरून उभे, गावाबाहेरच्या मोकळ्या रानाकडं बघत. खाली टाळ्या चालूच. लोकांना वाटलं ऐट करायलेत. ताई गर्दीतून खांबाकडं पळायला लागली, आणि तेवढ्यात बाबा ओरडले. तो आवाज बाबांचा हाय हेच मला आधी कळलं न्हाई.

"खाली ये! मला भ्या वाटायलंय! मला तू पायजेस!"

टाळ्या थांबल्या. एवढ्या लोकांसमोर गुरुजी लहान लेकरासारखे रडत होते आणि डोळेसुद्धा पुसत नव्हते. काकांनी खाली बघितलं. लय वेळ बघितलं. मग एक एक पाय सोडत उतरले. भोंगा बंदच राहिला.

बाबांजवळ येऊन ते हळूच म्हणाले, "दादा, सगळे टाळ्या वाजवायलेत. तुमी एकटेच का वो रडायलेत?" आणि ते तिथंच मातीत बसले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं बाबा आणि ताई त्यांना औरंगाबादला घेऊन गेले, तिच्या सरांनी सांगितलेल्या डॉक्टरकडं. गावात महिनाभर कुजबुज. गुरुजींनी भावाला येडा ठरवला, मान मातीत घातला. वीज मंडळाच्या मोठ्या साहेबांच्या हातापाया पडून बाबांनी काकांना खांबावरून काढलं आणि गोदामातलं काम मिळवून दिलं. काका त्यासाठी बाबांवर कितीतरी दिवस रुसून होते.

आता बरे हायत असं मी म्हणणार न्हाई. गोळ्या आई स्वतः देते, गिळेपर्यंत समोर उभी राहते. मागच्याच महिन्यात गंगाखेडच्या रस्त्यावर काका भर वेगात येणाऱ्या ट्रकसमोरून सावकाश, अगदी सावकाश, रस्ता ओलांडताना मला दिसले. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या. काका हसले.

मी घरी पळत येऊन सांगितलं. यावेळी कुणी हसलं न्हाई.

रोज सकाळी बाबा त्यांना चहा पिता पिता सरळ विचारतात, आज कसं वाटायलंय, जगावं वाटायलंय का? काका बऱ्याचदा हो म्हणतात. कधी "चहात साखर कमी हाय" म्हणतात, तेही बाबांना चालतं. पण कधी कधी कप रिकामा होईपर्यंत काका काहीच बोलत न्हाईत. त्या दिवशी बाबा शाळेत जात न्हाईत.