माझ्या मनगटापेक्षा मोठं घड्याळ

माझं मनगट वरच्या बाजूला, जिथे घड्याळ टेकतं तिथे, सेहेचाळीस मिलिमीटर रुंद आहे. हा अंदाज नाही. मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. जेवणाच्या सुट्टीत व्हर्नियर लावून दोनदा मोजलं. पोहणं, सायकल आणि धावणं तिन्ही नोंदवणारी जीपीएस घड्याळं दोन-तीन मापांत येतात. दुकानात ज्याला डायल म्हणतात ती अख्खी गोल चौकट, त्रेचाळीस, सत्तेचाळीस किंवा एक्कावन्न मिलिमीटर. शिवाय पट्टा अडकवायचे कान दोन्हीकडे बाहेर येतात, ते वेगळे. चौकट मनगटाच्या कडेबाहेर गेली की घड्याळ सपाट बसत नाही, डुलतं. मागच्या बाजूचा हिरवा दिवा कातडीला चिकटून राहिला तरच नाडी बरोबर मोजतो. म्हणजे मला त्रेचाळीस. यात मत देण्यासारखं काही नव्हतं.

तरीही माझ्या हातात एक्कावन्न मिलिमीटरचं घड्याळ आलं, आणि त्यामुळे माझं धावणं बंद झालं. हे लिहितानाही मला राग येतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात सायकलवर चढ चढताना छातीत धडधड झाली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाची रचना ठीक आहे, पण श्रम वाढले की मधूनच ठोके चुकतात. त्यांनी व्यायाम थांबवला नाही. नाडी एकशे चाळीसच्या आत ठेवायची, तीन महिन्यांची रोजची नोंद आणायची, झोपेतलीसुद्धा, आणि मग जानेवारीतल्या स्पर्धेचं ठरवू, असं त्यांनी सांगितलं. स्पर्धा लहानशीच: थोडं पोहणं, थोडी सायकल, थोडं धावणं. पण मी पन्नाशीनंतर पोहायला शिकले होते, ते याच स्पर्धेसाठी. छातीला बांधायचा पट्टाही मिळतो. माझा पाण्यात घसरायचा आणि तो बांधून झोप येत नाही. म्हणून घड्याळ. म्हणून त्रेचाळीस.

हे सगळं मी घरात सांगितलं होतं. नवरा ऐकत होता. निदान मान हलवत होता.

दसऱ्यासाठी माझा भाऊ दोन दिवस आधीच बेळगावहून आला. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. वडील गेल्यापासून माहेर म्हणजे तोच. माझ्या दुखण्याचं त्याला फोनवर कळलं होतं आणि घड्याळ आपणच घेऊन द्यायचं असं त्यानं ठरवलं होतं. त्याच्या मनात माया होती, हे मी नाकारत नाही. पण मायेनं मोजमाप बदलत नाही. मी कारखान्यात असताना तो आणि माझा नवरा इंदिरानगरच्या एका घड्याळाच्या दुकानात गेले. पुढे त्या दुकानदाराकडूनच मला कळलं की तिथे अण्णानं पहिला प्रश्न विचारला, सगळ्यात भारी कुठलं? सगळ्यात भारी म्हणजे सगळ्यात मोठं. माझ्या नवऱ्यानं ते स्वतःच्या मनगटावर घालून पाहिलं. त्याच्या मनगटावर ते छान बसलं. दोघांनाही एवढं पुरेसं वाटलं. दोन मोठी माणसं, एक अभियंता आणि एक बँकेतून निवृत्त झालेला, बाईच्या हाताचं घड्याळ पुरुषाच्या हातावर पाहून घेऊन आले. मला फोन करायला त्यांना एक मिनिट लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी नवमी. आम्ही मराठी असलो तरी आमच्याकडे आयुधपूजा इथल्या कन्नड घरांसारखीच जोरात असते. गाडीपुढे लिंबू, मिक्सरला हार, माझ्या सायकलीच्या हँडलला शेवंती. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा पाटावर ते घड्याळ मांडलेलं होतं. चांगलं दिसावं म्हणून नवऱ्यानं काचेवरची, मागची, पट्ट्यावरची सगळी संरक्षक फिल्म काढून टाकली होती. अण्णानं त्यावर गंध लावलं, ओलं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि मला बोलावून ते हातात बांधलं.

मी म्हटलं, अण्णा, हे मोठं आहे.

"कशाला गं तुला एवढी मोजमापं? घाल की. हात भरल्यासारखा दिसतोय बघ."

मी हात खाली सोडला तर घड्याळ बाजूला कलंडून मनगटाच्या हाडावर येऊन टेकलं. मी ते त्याला दाखवलं. तो म्हणाला, बॅटरी मोठी आहे, पडदा मोठा आहे, चष्म्याशिवाय वाचता येईल, लहान घेऊन काय करणार? मी म्हटलं, माझी पोहण्यापासून धावण्यापर्यंतची वेळ लहान घड्याळाच्या बॅटरीत आरामात बसते, मी बघितलंय. मी बदलून आणते. तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला.

"पूजा झालेली वस्तू परत करायची नसते. आणि माहेरचं दिलेलं तर नाहीच."

नवरा त्याच्या मागे उभा राहून मला डोळ्यांनी खुणावत होता, जाऊ दे म्हणून. हे 'जाऊ दे' मी लग्नापासून ऐकते आहे. ते नेहमी मलाच सांगितलं जातं.

अण्णा बेळगावला परतला त्या संध्याकाळी मी घड्याळ घेऊन दुकानात गेले. बदलून देण्याची मुदत संपली नव्हती. तिथल्या विक्रेत्यानं घड्याळ उलटसुलट केलं, भिंगाखाली धरलं. बटणांच्या फटीत कुंकू बसलं होतं. हिरव्या दिव्याच्या काचेच्या कडेनं लाल रेघ होती. पट्ट्याच्या दोन भोकांत गंध वाळलं होतं. मी घरी ओल्या कापडानं आणि दातकोरण्यानं जितकं काढता येईल तितकं काढलं होतं. तो म्हणाला, फिल्म नाही, आत पावडर गेलीय, हा वापरलेला पीस झाला. मी म्हटलं, पूजा केली, वापरलं नाही. तो कन्नडमध्ये म्हणाला की पूजा त्याच्याही घरी होते, पण कंपनीला पूजा कळत नाही. मग माझ्या हातात ते बांधून पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला आणि मला समजावलं, "स्वल्प टाइट हाकी मॅडम, सरी होगत्ते." जरा घट्ट बांधा, होईल ठीक. बोटं लाल झाली तरी घड्याळ हलत होतंच. चौकट मनगटापेक्षा रुंद असेल तर पट्टा आवळून ती अरुंद होत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्यानं हसून मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

एका घरात अशी दोन घड्याळं घेणं मला तेव्हा पटलं नाही. मी पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं आणि नोंद सुरू केली.

सायकलवर हात मागे वाकला की कडेचं बटण मनगटात रुतायचं. तिथे निळा डाग पडला. तलावात पहिल्याच फेरीत घड्याळाखाली पाणी शिरायचं आणि नाडीच्या जागी नुसत्या रेघा दिसायच्या. पण खरा घोळ धावताना झाला. मी जयनगरच्या आमच्या गल्लीतून शेजारणीबरोबर सावकाश धावत होते, तिच्या सुनेच्या नोकरीबद्दल बोलत. दम लागला नव्हता. घड्याळात नाडी एकशे बहात्तर. मी थांबले, मानेवर बोटं ठेवून मोजली, त्याच्या खूपच खाली. पुन्हा धावायला लागले, पुन्हा एकशे सत्तरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी मी पावलं मोजली. मिनिटाला तेवढीच पावलं. घड्याळ हातावर आपटत होतं आणि त्याला प्रत्येक आपटणं हृदयाचा ठोका वाटत होतं. ते माझं काळीज मोजत नव्हतं, माझे बूट मोजत होतं.

ठरलेल्या वेळी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आलेख पाहिला. धावण्याच्या प्रत्येक दिवशी रेघ एकशे सत्तरवर. माझं बोलणं सुरू व्हायच्या आधी त्यांनी निर्णय सांगितला: धावणं बंद, स्पर्धा विसरा, आणखी तपासण्या करू. मी घड्याळाचं सांगितलं. ते थकल्यासारखे हसले.

"आकडा आवडला नाही की सगळे घड्याळालाच दोष देतात."

मी आवाज चढवला. दवाखान्यात मी कधी आवाज चढवलेला नाही. मी म्हटलं, मी आयुष्यभर मोजमापं तपासते. उपकरण चुकीचं बसवलं तर चुकीचं वाचन येतं, त्यात आवडीचा प्रश्न नाही. तुमच्याकडे ट्रेडमिल आहे, ईसीजीच्या तारा लावा, हे घड्याळ हातावर राहू द्या आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. नवरा बाजूच्या खुर्चीत होता. तो म्हणाला, जाऊ दे. मी म्हटलं, तुम्ही आज बोलू नका.

डॉक्टरांनी ऐकलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्याच आठवड्यात मी छातीला तारा चिकटवून पळाले. पडद्यावर एकशे एकतीस, हातावर एकशे सत्तर. डॉक्टरांनी माझं मनगट हातात घेतलं, घड्याळ बोटानं ढकलून पाहिलं. ते सहज सरकलं. "हे तुमच्या मापाचं नाहीच," ते म्हणाले. मी पट्टा सोडला आणि घड्याळ पर्समध्ये टाकलं.

धावणं मला परत मिळालं. जानेवारी मिळाला नाही. जुन्या नोंदीवर भरवसा ठेवता येत नाही, खरी नोंद पहिल्यापासून हवी, असं डॉक्टरांचं म्हणणं. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. घरी येताना नवरा गाडीत म्हणाला, पुढच्या वर्षी करशील, एवढं काय. मी त्याला विचारलं, ज्या बाईचे ठोके चुकतात तिचं पुढचं वर्ष तुम्ही कुठल्या हिशेबानं धरता? सिग्नल सुटला तरी त्याला गाडी पुढे न्यायचं सुचलं नाही. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवायला लागले.

त्रेचाळीसचं मी एकटीच जाऊन आणलं, माझ्या पैशानं. दुकानातच हात मागे वाकवला, झटकला, मुठी आवळल्या, दोरीवरच्या उड्या मारल्यासारखं केलं. लोक बघत होते. बघू देत. ते जागेवरून हललं नाही.

नवीन घेतल्याचं नवऱ्यानं अण्णाला सांगितलं. अण्णाचा फोन आला.

"दुसरं घेतलंस म्हणे. मग मी दिलेलं?"

"तुला कुरियरनं पाठवलंय. तुझ्या हाताला बरोबर बसेल."

"अगं, पूजा झालेली..."

मी त्याला मध्येच थांबवलं आणि सगळं सांगितलं, पावलांचं, आलेखाचं, धावणं बंद झाल्याचं, जानेवारी गेल्याचं. आधी मी यातलं त्याला काही सांगितलं नव्हतं, वाईट वाटेल म्हणून. या वेळी काही गाळलं नाही. शेवटी म्हटलं, "अण्णा, हात माझा होता. मला विचारायचं होतंस."

मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, त्यानं विचारलं, डॉक्टर नक्की काय म्हणाले, ठोके चुकतात म्हणजे काय होतं. मी सांगितलं. तो गप्प झाला. अशा वेळी त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलायची माझी सवय आहे. असू दे रे, तू प्रेमानं दिलंस, असं काहीतरी. त्या दिवशी मी ते बोलले नाही. फोन कानाला लावून दोघंही तसेच थांबलो, आणि त्या गप्पपणातून मी त्याला सोडवलं नाही.