वन्संनी टिपलेली रेघ

छापखान्यात तिला सगळे काना-मात्रा म्हणायचे. एकतीस वर्षं तिने मुद्रितं तपासली. एखादी वेलांटी चुकली की खड्यासारखी टोचायची तिला. निवृत्त झाल्यावर तिने कॅमेरा घेतला आणि संध्याकाळी गच्चीत जाऊन आभाळाचे फोटो काढू लागली. दहा सेकंद शटर उघडं ठेवलं की ताऱ्यांचे ठिपके उमटतात आणि जाणाऱ्या उपग्रहाची रेघ. ती रेघ कुठल्या ताऱ्यापाशी सुरू झाली, कुठे संपली, तेव्हा किती वाजले होते, हे मोजून ती उपग्रहांच्या यादीशी ताडून बघायची. बहुतेक रेघा जुळायच्या. एखादी मात्र कुणाचीच नसायची.

घरात ती आणि तिची नणंद, दोघीच. नणंद टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, तोंडाने फटकळ. "घरातली जळमटं दिसत नाहीत, वहिनी, आणि आभाळातल्या रेघा मोजताय."

एकदा अभिजित ताऱ्याखाली अशीच एक बेवारशी रेघ सापडली. तिने देशोदेशीच्या हौशी निरीक्षकांना मापं कळवली. उत्तर आलं : हा यादीत नसलेला उपग्रह, दोन वर्षांपूर्वी आमच्या नजरेतून सुटलेला असावा. गुरुवारी सूर्यास्तानंतर तो तुमच्याकडूनच दिसेल. आणखी एक माप मिळालं तर खात्री होईल.

मंगळवारी तिच्या डोळ्याचा पडदा सरकला. तातडीने ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, दहा दिवस पालथं पडून राहायचं, मान वर करायची नाही.

गुरुवारी दुपारी नणंदेने तिला नळीने चहा पाजला आणि विचारलं, "कॅमेऱ्याचं बटण कुठलं?"

"वन्सं, गच्चीचा जिना तुम्हाला झेपणार नाही. गुडघे..."

"मी बटण विचारलं."

सूर्य मावळल्यावर नणंद दर चार पायऱ्यांना टेकत वर पोचली. खाली वहिनीशी फोन चालूच होता.

"अभिजित दिसला?" चादरीकडे बघत वहिनीने विचारलं.

"सगळ्यांत चकचकीत तोच ना? दिसला."

"त्याच्याखाली चार बोटं."

मग एक्स्चेंजमधल्या त्या स्वच्छ, सावकाश आवाजात नणंद प्रत्येक फोटोची वेळ सांगू लागली. सात एकवीस, सहा सेकंद. सात एकवीस, वीस सेकंद. असे चाळीस फोटो.

खाली येऊन ती पलंगाशेजारी बसली आणि एकेक फोटो स्क्रीनवर मोठा करून बघू लागली. तेविसाव्यावर थांबली.

"केसाएवढं काहीतरी आहे, वहिनी. केसच असेल."

"पुसून बघा."

तिने पदराने स्क्रीन पुसली. "जात नाहीये."

नणंदेने वहिनीच्या पाठीवर हात ठेवला. "रडायचं नाही. डोळ्याला चालणार नाही."

वहिनीने सांगितलं तसं मोजून नणंदेने मापं कळवली. तीन दिवसांनी कळलं, मापं जुळली. उपग्रह तोच होता. निरीक्षक म्हणून कुणाचं नाव लावायचं, असंही विचारलं होतं. वहिनीने नणंदेचं सांगितलं. टाइप करायला नणंदच होती. तिने दोघींची नावं घातली.

डोळा बरा झाला, तरी त्याने सरळ रेघ जराशी वाकडी दिसते. म्हणून हल्ली फोटो आधी नणंद तपासते.

"पण हा आहे तरी कुणाचा?" तिने एकदा विचारलं.

"ते कुणी सांगत नाही, वन्सं. ज्यांचा आहे, ते गुपित ठेवतात."

"म्हणजे हरवला होता तो आपल्यालाच," नणंद म्हणाली आणि पुढचा फोटो उघडला.