डाव्या पंखातली एक सूत माया

मास्तरांनी टेलरिंगचं दुकान बंद केलं तेव्हा मशीन विकलं, आरसा शेजारच्या सलूनवाल्याला देऊन टाकला, पण कापायचं टेबल मात्र घरी आणलं. सहा फूट बाय चार, वर सागाची जाडजूड फळी, कडेला इंचांच्या पितळी खुणा. ते आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली. त्या दिवसापासून पुढच्या खोलीत माणसं तिरकी चालू लागली. पाहुणे भिंतीला पाठ लावून खुर्चीपर्यंत सरकत जात आणि एकदा बसले की उठायचा कंटाळा करत. बायकोला त्या फळीत कपाटाची दोन दारं दिसत होती. मास्तरांना काय दिसत होतं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

अडतीस वर्षं त्यांनी शर्ट, कोट, झगे, युनिफॉर्म असं सगळं शिवलं आणि त्या अडतीस वर्षांत एकही चूक केली नाही. म्हणजे गिऱ्हाइकासमोर कबूल केली नाही. बाही आखूड झाली तर कापड आटलेलं असे. कंबर घट्ट झाली तर गिऱ्हाईक मधल्या काळात जरा भरलेलं असे. कॉलर वाकडी दिसली तर आरसा तिरका असे, आणि तो खरोखरच थोडा तिरका होता. मास्तरांनी तो तसाच टांगला होता.

रिकाम्या हातांनी घरी बसल्यावर ते डाळीत मीठ किती, पडदे किती इंच वर आहेत, असली मोजमापं काढू लागले. तेव्हा बायकोनेच आपल्या भावाला साकडं घातलं, "ह्यांना कशात तरी गुंतव बाबा." मेव्हणा नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेला, रिमोटवर चालणारी विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबाचा जुना सभासद. त्याने एका विमानाचा आराखडा आणला, बाल्सा नावाच्या पिसासारख्या हलक्या लाकडाचे तक्ते आणले, मोटर बसवलेलं तयार धड दिलं, नमुन्यादाखल उजवा पंख स्वतः बनवून दिला आणि सांगितलं, "भाऊजी, आता डावा तुम्ही करा. अगदी याच्यासारखा."

मास्तर इतके गुंतले की टेबलावर दुसरं काही ठेवायची सोय उरली नाही. दोन महिने नवरा-बायको मांडीवर ताट घेऊन जेवले. शेवटी बायकोने सुताराला सोमवारची वेळ दिली.

"रविवारी हे विमान उडालं आणि परत आलं, तर टेबल राहील," ती म्हणाली. "नाहीतर सोमवारी करवत."

"परत कशाला यायला हवं? उडालं म्हणजे झालं."

"उडून पळून गेलं तर मी काय समजायचं? परत आलं पाहिजे."

मंगळवारी मास्तरांनी घरामागच्या गवतावर विमान हाताने सोडून पाहिलं. ते डावीकडे कललं आणि गवतात तोंड खुपसून बसलं. मास्तरांनी ते उचलून एक डोळा मिटून न्याहाळलं. माणसांचेही खांदे कधी सारखे नसतात. अशा वेळी गिऱ्हाइकाला काही न बोलता पडक्या बाजूला पॅड घालायचं असतं. इथे पडक्या बाजूचं वजन जास्त होतं, म्हणून त्यांनी उलट्या बाजूला, उजव्या पंखाच्या टोकात, कोटाची तीन पितळी बटणं सरकवली. बुधवारी विमान उजवीकडे कललं. मग डावीकडे दोन बटणं. गुरुवारी पुन्हा डावीकडे, म्हणून उजवीकडे आणखी दोन. शुक्रवार संध्याकाळपर्यंत विमानात अकरा बटणं झाली होती आणि ते कुठल्याच बाजूला कलत नव्हतं. सोडलं की सरळ खाली पायावर पडत होतं.

"आता समतोल आलाय," मास्तर अंगठा चोळत म्हणाले.

शनिवारी दुपारी मेव्हणा आला. त्याने विमान उचललं आणि त्याची भुवई वर गेली. मग त्याची नजर डावा पंख धडाला जिथे मिळतो तिथे गेली. तिथे लाल कापडाची बारीक गोट लावलेली होती.

"हे काय?"

"पायपिंग."

"विमानाला?"

"दिसायला बरं दिसतं. उघडंबोडकं वाटत होतं."

मेव्हण्याने नखाने पायपिंग ओढलं. खाली पंखाची कड धडाच्या खाचेतून सगळीकडून सारखीच बाहेर आलेली होती. त्याने उजव्या पंखावर बोट फिरवलं, मग डाव्यावर, आणि हळूच विमान टेबलावर ठेवलं.

"भाऊजी, तुम्ही माया सोडलीत."

शिवणीसाठी आत जे जादा कापड राखायचं त्याला टेलर माया म्हणतात. मास्तरांनी पंखाला आतून आकार देणाऱ्या नऊ फासळ्या आराखड्यावरून लाकडावर नीट उतरवल्या होत्या आणि मग प्रत्येकीला रेषेच्या बाहेरून, चहूबाजूंनी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, राखून कापलं होतं. त्यांनी हे ठरवून केलं नव्हतं. हाताने परस्पर केलं होतं.

"सोडावी लागते," मास्तर म्हणाले. "उद्या वाढलं तर?"

"विमान वाढतं का?"

 आतून बायको पदराने हात पुसत आली आणि भिंतीला लागून सरकत टेबलापाशी पोचली. भावाने सांगितलेलं ऐकून ती खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "बरं, उसवा की मग. बसलात काय?"

"तू कशाला मदत करतेस? उद्या उडालं नाही तर टेबल तुझंच आहे."

"असं नको मला. जन्मभर म्हणाल, एक दुपार मिळाली असती तर उडवून दाखवलं असतं. सांगा, काय धरायचं?"

"हे बघ, कापताना जरा हात गेला..."

"म्हणजे चूक झाली."

"हात गेला."

"चूक."

मास्तरांनी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा पंखाच्या टोकातून चिमट्याने बटणं काढण्यात कमालीचा गढून गेला होता.

"बरं, चूक," मास्तर म्हणाले. "आता धर तिकडून."

मग मात्र त्यांचे हात भराभर चालले. पंखावर इस्त्रीने चिकटवलेली पातळ रंगीत फिल्म त्यांनी इस्त्रीनेच ऊन करून साल सोलावी तशी अखंड काढली. पुढची आणि मागची पट्टी ब्लेडने सोडवली. आत प्रत्येक फासळीच्या अंगावर पेन्सिलची मूळ रेघ तशीच शाबूत होती. मेव्हण्याचा जीव भांड्यात पडला. तो म्हणाला, फासळ्या नव्याने कापायला नकोत, रेघेपर्यंत घासलं की झालं. पण एकेक घासली तर वरखाली होणार. मास्तरांनी कपडा मोजायचा लाकडी गज आणला, त्याला लांबीभर पॉलिश पेपर चिकटवला आणि नऊच्या नऊ फासळ्यांवरून एकदम फिरवायला सुरुवात केली.

"सरळ धर."

"मी सरळच धरलंय. तुम्ही तिरके उभे आहात."

ते तिरकेच उभे होते. त्या खोलीत दुसरं कसं उभं राहणार? लाकडाचा पांढरा भुगा तिघांच्या भुवयांवर बसला. वरची बाजू, खालची बाजू, मग पट्ट्या परत चिकटवणं. ऊन कलायच्या आत नवी फिल्म इस्त्री होऊन बसली, एकही सुरकुती नाही. डावा पंख धडाच्या खाचेत गेला तेव्हा टक असा आवाज झाला. मेव्हण्याने तो आणखी दोनदा काढून घालून पाहिला, नुसता आवाजासाठी.

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मैदानावर बायको छत्री घेऊन पंच म्हणून उभी राहिली. रिमोट मेव्हण्याकडे होता. मास्तर चार पावलं पळाले आणि त्यांनी विमान सोडलं. ते कलंडलं नाही. झाडांच्या वर गेलं, लांबवर वळलं, डोक्यावरून दुसरा फेरा मारला. मास्तर इतका वेळ मान वर करून होते की चष्मा मागे पडला. मग विमान खाली आलं, टेकलं, एक उडी मारली आणि नाकावर उभं राहिलं.

"हे उतरणं झालं की पडणं?" बायकोने विचारलं.

"ताई, उचलून पुन्हा उडवता आलं तर उतरणं," मेव्हणा म्हणाला.

"हे कुणी ठरवलं?"

"क्लबाचा नियम आहे." तो नियम त्याने नुकताच केला होता.

विमान पुन्हा उडालं आणि पुन्हा परत आलं, या वेळी चाकांवर. बायकोने छत्री मिटली, फोन काढला आणि सुताराला सांगितलं की उद्या येऊ नका.

तेवढ्यात क्लबातला एक जाडा गृहस्थ स्वतःचा सुरकुतलेला पंख काखेत मारून जवळ आला. फिल्म एवढी तुळतुळीत कुणी बसवली, असं त्याने विचारलं. त्याच्या मागे आणखी दोघं होते, हातात एकेक पंख. मास्तरांनी तोंड उघडलं, पण बायको मध्ये आली.

"एका वेळी दोनच घेऊ," ती म्हणाली. "टेबल सहा बाय चारचं आहे, आणि त्यातलं मधलं दोन फूट आजपासून जेवायचं."

"कधी मिळेल?" गृहस्थाने विचारलं.

"शुक्रवारी या."

मास्तरांना शुक्रवार जमण्यासारखा नव्हता.  तरी त्यांनी टेप काढून गृहस्थाच्या पंखाचं माप घ्यायला सुरुवात केली.