दर दिवाळीला नवं घर

माणसाला जन्मात एक घर बांधता आलं तरी पुष्कळ, असं आमच्या चांद्यात म्हणायचे. माझी घरं किती झाली ते मला आता आठवतही नाही! आमचे हे लाकडाच्या ठेकेदाराकडे मुन्शी. दिवाळी झाली की अहेरीच्या पुढच्या जंगलात कूप सुरू व्हायचा, म्हणजे जंगलाचा एक तुकडा त्या वर्षी तोडायला मिळायचा. तिथं आम्ही बिऱ्हाड घेऊन जायचो, बांबूचं घर बांधायचो, आणि पावसाच्या आधी मोडून परत यायचो. पुढच्या वर्षी दुसरा तुकडा, दुसरं घर.

जुन्या घराचे किस्से म्हातारी माणसं सांगतात. आमचं घर जुनं व्हायचंच नाही, पण किस्से मात्र साचत गेले. आता चार जणी दळण घेऊन बसल्या आणि कोणी घराचा विषय काढला, की माझं सुरू होतं. सुना म्हणतात, "झालं! आता जंगल आलं!"

*

पहिल्या वर्षीची गोष्ट. मी नवी, माझं सामान नवं, आणि जागा कुठली घ्यायची यावर चौघांची चार मतं.

यांना जागा बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, वाटेला लागून हवी होती. रहीमचाचांना उंच आणि कोरडी हवी. चाचा म्हणजे चांद्याचे सुतार. कूपातल्या सगळ्या झोपड्या तेच उभ्या करायचे. मजुरांचा स्वयंपाक बघणाऱ्या गिरजाबाईला पाणी जवळ हवं होतं. ती तिकडं ब्रह्मपुरीकडची, धानाच्या गावातली. नवरा वारल्यावर ठेकेदाराकडे कामाला लागलेली, आणि आवाज असा की अर्ध्या कोसावरचा मजूर जेवायला यायचा.

चौथे मडावीभाऊ. जवळच्या पाड्याचे पाटील. त्यांच्या बंड्या आमच्या कामावर असायच्या. ते म्हणाले, "जागेले विचारून तर पाहा पयले."

त्यांच्यात रीत होती. जागेवर तांदळाचे दाणे जोडीजोडीनं मांडायचे, वर पान झाकायचं. सकाळी दाणे जागच्या जागी असले तर जागा चांगली. आम्ही दाणे मांडले. सकाळी जाऊन पान उचललं, तर खाली एक दाणा नाही!

हे हसले. "अहो, मुंग्यांनी नेले. त्यात काय एवढं?"

गिरजाबाईनं कमरेला पदर खोचला. "मंग मुंग्याच राह्यतील न इथी! आपुन कायले?"

दुसरी जागा शोधली.

*

जागा ठरली की नकाशा. आमच्या ह्यांना नकाशाची भारी हौस. कागदावरचा नाही, जमिनीवरचा. राखेनं खऱ्या मापाच्या रेघा ओढायचे. ही पडवी, ही मोठी खोली, हा स्वयंपाक, हे दार. मग सगळ्यांनी त्यात चालून बघायचं.

आम्ही सगळे उभे होतो स्वयंपाकात, म्हणजे रेघांच्या आत. तेवढ्यात गिरजाबाई घागर घेऊन आली ती सरळ रेघ ओलांडून.

रहीमचाचा ओरडले, "अरे बाई, भिंतीतून काऊन येऊन राह्यली? दरवाजा तिकडं आहे!"

ती बिचारी खरंच मागं फिरली. वळसा घालून दारातून आली. शिवाय डोकं वाकवून आली, चौकट लागेल म्हणून!

हे खूश झाले. "असं पाहिजे. आता घर वाटतं." मोठ्या खोलीच्या चौकोनात बैठक मारून त्यांनी मला चहा टाकायला सांगितला. मी चहा टाकते कशावर? चूलही राखेचीच!

इतक्यात मडावीभाऊंच्या बंडीमागून आलेली एक शेळी टणाटण उड्या मारत मोठ्या खोलीत शिरली आणि यांच्या नव्या धोतराचा सोगा चावायला लागली. हे उठून हाड् हाड् करतायत, चाचा पोट धरून हसतायत.

मडावीभाऊ मात्र शांत. चिलीम ओढत म्हणाले, "दार उघडंच राह्यलं वाटते कोनाचं तरी."

*

एका वर्षी ठेकेदार शेठनं निरोप धाडला की होळीनंतर मी स्वतः येऊन राहीन, माझ्यासाठी चांगली मोठी झोपडी करा. सगळ्यात सपाट जागा त्यांना काढली, तर बरोब्बर मध्ये एक मोहाचं झाड.

चाचा झाड तोडू देईनात. मडावीभाऊ तर ऐकूनच घेईनात. मोह तोडायचा म्हणजे त्यांच्या लेखी दुभती गाय कापायची. दुसरी सपाट जागा नव्हती. शेवटी चाचांनी झाड आत घेऊनच झोपडी बांधली. छपराला भोक ठेवलं, त्यातून झाड बाहेर. बुंध्याला खुंट्या मारायची चाचांची तयारी होती, मडावीभाऊंनी डोळे वटारले म्हणून राहिलं.

शेठ आले. आत शिरले. वर पाहिलं, खाली पाहिलं.

"हे काय? घरात झाड कोण ठेवतं?"

मडावीभाऊ म्हणाले, "घरात झाड नोहे शेठ. झाडात घर आहे. झाड पयले होतं."

शेठ दोन दिवस धुसफुसत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर अंथरूणभर मोहाची फुलं पडलेली! छपराच्या भोकातून, टपटप, रात्रभर. चादरीवर, उशीवर, मिशीवर. त्या गोड वासानं सगळी झोपडी भरलेली. मी पाणी घेऊन गेले तर शेठ पलंगावर मांडी घालून बसलेले, आणि लहान मुलासारखे एकेक फूल वेचून ताटात टाकतायत.

पुढच्या वर्षी पुन्हा निरोप आला. "झोपडी कशीही करा, पण झाड पाह्यजे!"

*

घरं बांधून मोडून आमच्या ह्यांचं काय व्हायचं ते ऐका. पावसाळ्यात आम्ही चांद्याला सासरी असायचो. पहिले आठ-पंधरा दिवस सकाळी उठून हे सरळ भिंतीवर जाऊन आपटायचे. जंगलात दार त्या बाजूला असायचं ना!

सासूबाई आतून विचारायच्या, "काय आपटलं वं?"

मी म्हणायची, "हे बाहेर जाऊन राह्यले."

*

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तेव्हा नव्हती.

यांना शिस्त आवडायची. त्या वर्षी त्यांनी सगळ्या झोपड्या एका रांगेत आखल्या. पलटणीसारख्या, भिंतीला भिंत. राखेची रेघ अशी सरळ की बघत राहावं. पण नेमकं गिरजाबाई आणि यशोदा यांचं वाजलं. यशोदा म्हणजे आरा ओढणाऱ्यांच्या मुकादमाची बायको. भांडण कशावरून? पाटा कोणी न धुता ठेवला यावरून! गिरजाबाईनं जाहीर केलं, "तिच्या भिंतीले माझी भिंत लागन तर मी भाकर टाकनार नाई." यशोदाही म्हणाली, "मले बी तिचा धूर नोको."

हे चिडले. म्हणाले, "दोघींच्या पायी माझी रांग मोडायची का?" पण भाकरीपुढं कोणाचं चालतं? स्वयंपाकाचं झोपडं रांगेतून उचलून पार पलीकडं, मोकळ्या जागेत नेलं. रांगेचं एक टोक तुटल्यासारखं दिसायला लागलं. येता-जाता हे त्या रिकाम्या जागेकडं बघून उसासा टाकायचे.

माघ संपला, पानगळ झाली. एका दुपारी पुरुष सगळे कूपात, आणि वावटळ सुटली. चुलीतली ठिणगी उडाली ती छपराच्या वाळक्या पानांवर. मी नाल्यावर होते. गिरजाबाईची हाक ऐकली. ती हाक मी कधी विसरायची नाही. धावत आले तोवर स्वयंपाकाचं झोपडं म्हणजे एक जाळ! माझी मोठी मुलगी तेव्हा रांगती होती आणि रांगेतल्या आमच्या घरात झोळीत निजलेली. मला पुढचं काही दिसेना. कोणीतरी आत शिरलं, झोळीसकट पोर उचललं आणि माझ्या पदरात आणून टाकलं. बघते तर यशोदा. ती लगेच वळली आणि गिरजाबाईबरोबर मधल्या मोकळ्या जागेतलं वाळकं पान हिरव्या फांद्यांनी झोडपायला लागली. दोघींची तोंडं काळी, दोघी खोकतायत, आणि एकमेकींना शिव्या देतायत, "इकडं मार वं! तिकडं काय पाह्यते!"

जाळ त्या मोकळ्या जागेपाशी आला, घुटमळला, आणि विझला. रांगेतलं एक पान जळालं नाही.

संध्याकाळी हे आले. सगळं ऐकलं. पोरीला मांडीवर घेऊन खूप वेळ बसून राहिले.

पुढच्या वर्षी नकाशा आखायला राखेचं टोपलं हातात घेतलं आणि आधी सगळ्या बायकांना बोलावलं. "यंदा कोनाचं कोनाशी भांडन आहे का? नसन तर आत्ताच करून घ्या!"

*

भांडणावरून आठवलं. एकदा आमच्या दोघांचंच जुंपलं. यांना दार हवं होतं लाकडाच्या थप्प्यांकडे, म्हणजे घरातून माल दिसतो. मला हवं होतं नाल्याकडे. थप्प्यांपाशी बंडीवाले बसलेले असायचे, त्यांच्यासमोर मी भाकरी थापत बसू का?

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी चाचा करवत ठेवून आले. म्हणाले, "दो दरवाजे करून टाकतो. समोर एक, मागं एक. पन घर एकच ठेवा, मुन्शीजी!"

तसं केलं. चैत्रात एका सकाळी मी चुलीशी बसलेले, हात पिठात. पुढच्या दारात अंधार झाला. मला वाटलं, हे आले. वर बघते तर अस्वल!

ते आत आलं. त्याच्या अंगाचा वास अजून माझ्या नाकात आहे. माझ्यापासून चार हातांवरून गेलं, जाताना पाण्याची घागर लवंडली, आणि मागच्या दारानं नाल्याकडे निघून गेलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तशीच. हातातली भाकरी हातात, तवा तापून लाल.

मग माणसं धावली. कोणी पाणी दिलं, कोणी वारा घातला. हे पांढरेफटक. म्हणाले, "उद्याच्या उद्या एक दार बुजवतो."

चाचा म्हणाले, "असं करू नका, मुन्शीजी. एकच दार असतं तर त्याले परत फिरावं लागलं असतं!"

*

आता शेवटचा किस्सा.

रहीमचाचा आमच्या आधीपासून जंगलात. त्यांचं लग्न झालं त्या वर्षापासून ते दिवाळीनंतर निघायचे ते पावसाच्या तोंडावर घरी जायचे. त्यांची बायको, हलीमाचाची, तिकडं चांद्याला, परकोटाजवळच्या गल्लीत, सासू-सासऱ्यांपाशी. ती दोघं म्हातारी झाली, गेली. पोरींची लग्नं झाली. मग एका वर्षी चाचांच्या बंडीतून चाची उतरल्या. हातात एक पत्र्याची पेटी आणि पानाचा डबा.

चाचा त्या दिवशी जरा जास्तच मोठ्यानं बोलत होते. "देख, ही जागा. उंच, कोरडी. पानी जवळ. सावली बी आहे. इथी बांधतो तुझ्यासाठी."

चाचींनी जागा पाहिली. पदर सावरून चालायला लागल्या. चाचा मागं, आम्ही त्यांच्या मागं. नाला ओलांडला. बांबूचं बेट ओलांडलं. पलीकडं एक टेकाड होतं, उघडंबोडकं, त्यावर चढल्या. तिथं उभं राहून त्यांनी चहूकडं पाहिलं आणि पेटी खाली ठेवली.

"यहाँ."

चाचांनी कपाळावर हात मारला. "अगं, इथी? पानी खाली राह्यलं. वारा अंगावर. चढ एवढा की मेढीचा खांब सरळ उभा राहनार नाई. मी उभ्या जन्मात कोनाले अशी जागा दिली नाई!"

चाची पेटीवर बसल्या आणि पान लावायला लागल्या.

चाचा थोडा वेळ बडबडले. मग पहार घेऊन आले आणि खड्डा खणायला लागले. ते झोपडं बांधायला त्यांना आमच्या सगळ्या घरांपेक्षा जास्त दिवस लागले. दार कुठल्या बाजूला, ते चाचींनी बोट करून दाखवलं. कूपातून येणाऱ्या वाटेकडं. तेवढंच.

झोपडं झालं त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे कूपातून परत येत होतो. चाचा पुढं. बांबूचं बेट संपलं, वाट वळली, आणि चाचा एकदम थांबले. डोक्यावरची टोपी काढून झटकली, पुन्हा नीट बसवली. दाढीतला भुसा झाडला. सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

हे म्हणाले, "काय झालं, चाचा?"

"कुछ नई, कुछ नई. चला."

वर टेकाडावर दारात चाची उभ्या होत्या.

रोज संध्याकाळी त्या वळणावर तेच. टोपी, दाढी, बटण. कूपातली माणसं हसायची, चाचांना पत्ता नाही.

एकदा गिरजाबाई चाचींसाठी घागर वर पोचवायला गेली होती, मी बरोबर होते. चढून चढून तिला धाप लागली. घागर उतरवून ती उंबऱ्यातच टेकली आणि म्हणाली, "बाई, पानी लांब, वारा असा, चढ असा. काय पाह्यलं वं तुमी या जागेत?"

चाचींनी तिला पान दिलं. मला दिलं. मग वाटेकडं बघत म्हणाल्या, "येनारा दिसते, बाई."