कमळाकर सरांची दहा मिनिटं

कमळाकर ठोंबरे आमच्या पनवेलच्या कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. स्वतः ते जिल्ह्याच्या पुढे कधी खेळले नव्हते. पण बास्केटची जाळी फाटली की घरून सुतळी आणून स्वतः विणायचे, आणि मुलींनाही मुलांइतकाच वेळ कोर्ट मिळावं म्हणून प्राचार्यांशी भांडायचे. मी त्यांच्या संघात होते. आमची सगळी भिस्त मात्र करंजाड्याच्या प्राजक्ता घरतवर. राज्याच्या निवड चाचणीसाठी सरांनी तिचं नाव पाठवलं होतं.

१९९१च्या नोव्हेंबरात, सरावात उडी मारून खाली येताना तिचा गुडघा मुरगळला. संध्याकाळपर्यंत टम्म सुजला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "लिगामेंट दुखावलंय. सहा आठवडे खेळायचं नाही. नंतर मला दाखवायचं, मग बघू."

आम्ही तिच्याशिवाय कशाबशा जिंकत जिल्हा स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. सामना अलिबागला होता, तिच्या दुखापतीनंतरच्या चौथ्या आठवड्याच्या शेवटी.

तोवर सूज उतरली होती. "सर, आता काहीच दुखत नाही," म्हणत प्राजक्ता रोज त्यांच्या मागे. सर सायकलवरून तिच्या घरी गेले. वडील, बाळू घरत, नुकतेच शेतावरून आले होते.

"आमाला त्यातला काय कलत नाय, सर," ते म्हणाले. "तुमी सांगाल तसा."

सरांनी तिला डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. नेलं नाही. डॉक्टर नको म्हणतील हे ठाऊक होतं, म्हणूनच नेलं नाही, असं पुढे ते स्वतःच सांगायचे. सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला कोर्टवर पळवलं, धावता धावता थांबवलं, एका पायावर उड्या मारायला लावल्या. तिने सगळं हसत केलं. कॉलेजचा जिना उतरताना तिचा गुडघा मध्येच सटकतो आणि ती कठडा पकडते, हे फक्त मला माहीत होतं. तिने मला शपथ घातली होती. खरं तर शपथेचीही गरज नव्हती. मलाही विजेतेपदाची ढाल हवीच होती.

"शेवटची दहा मिनिटं," सर म्हणाले. "तीही गरज पडली तरच."

दहा मिनिटं उरली तेव्हा आम्ही नऊ गुणांनी मागे होतो. सरांनी दोनदा तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तिसऱ्यांदा म्हणाले, "जा."

तिने पाच बास्केट केल्या. आम्ही एका गुणाने पुढे गेलो. शेवटच्या मिनिटात चेंडू घेऊन ती गर्रकन वळली. पाय जागच्या जागी राहिला आणि अंग फिरलं. कट्ट असा आवाज मला कोर्टच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. सामना आम्ही जिंकलो. ढाल घ्यायला कोणी पुढे होईना.

मुंबईला ऑपरेशन झालं. नंतर वर्षभर दर तपासणीला सर तिला एसटीने घेऊन जात. एकदा मीही सोबत होते. दवाखान्यातल्या बाकावर बसल्या बसल्या प्राजक्ता म्हणाली, "सर, मी खोटं बोलले. दुखत होतं."

"तू एकोणीस वर्षांची. तुला खेळावंसं वाटणारच," सर म्हणाले. "नको म्हणायचं काम माझं होतं."

तेव्हा मीही जिन्याचं सांगून टाकलं. "तुला मी विचारलंच नाही ना," सर एवढंच म्हणाले.

प्राजक्ता पुन्हा खेळली नाही. सर मात्र त्यानंतर डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय कुणालाच उतरवेनात. बोट मुरगळलेल्या नीलेशला त्यांनी बसवून ठेवलं आणि मुलांचा संघ उपांत्य फेरीत हरला. सर भित्रे झाले, असं लोक बोलू लागले.

९६च्या मे महिन्यात प्राजक्ताचं लग्न झालं, तिच्या घरासमोरच्या मांडवात. सगळे विधींसाठी पाटावर बसले. तिला मांडी घालता येत नव्हती, म्हणून तिच्यासाठी लोखंडी खुर्ची आणली. सरांनी ते पाहिलं, अक्षता टाकल्या आणि सायकलकडे निघाले.

बाळूकाका मागे धावले. "सर, जेवल्याशिवाय नाय जायचा."

सर परत आले. पंगतीत बसून, मान खाली घालून त्यांनी पानातलं सगळं संपवलं.