चाळीस जणांचं परतीचं तिकीट

"अख्खं विमान आपलं! मधे थांबा नाही, परके पॅसेंजर नाहीत," मुंबईहून आलेला चार्टरचा एजंट सांगत होता. रोह्याच्या ठेकेदार साहेबांना ते पटत चाललेलं दिसत होतं. त्यांच्याच ऑफिसात मी शेजारच्या खुर्चीत नियमित विमानाचं ग्रुप कोटेशन घेऊन बसलो होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेणला माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस होतं. साहेब चाळीस फिटर-वेल्डर आखातातल्या एका रिफायनरीत शटडाउनला पाठवत होते. शटडाउन म्हणजे प्लांट बंद ठेवून करायची मोठी दुरुस्ती. काम गणपतीच्या आधी संपणार, असं कंपनीने कळवलं होतं.

चार्टर म्हणजे विमानच भाड्याने घ्यायचं. इथे तीन ठेकेदार मिळून घेणार होते. सीट भरो न भरो, आपल्या वाट्याचं भाडं द्यायचंच. ग्रुप तिकीट म्हणजे रोजच्या विमानातल्या काही सीटा सवलतीने एकत्र घ्यायच्या. सगळे जाता-येता एकत्र असतील तर चार्टर माणशी स्वस्त पडत होतं. ते मी साहेबांना आधीच सांगून टाकलं.

"मग अडतंय कुठे?"

"परतीला. साहेब, वेळेत संपलेलं शटडाउन तुम्ही पाहिलंय?"

एजंट हसला. साहेब हसले नाहीत.

दाराशी हेडवेल्डर धर्मा उभा होता. खाडीकडच्या गावचा. तो म्हणाला, "साहेब, आमाला चार्टरच बरा. विमान एकच असला का कुणाला मागं ठेवता येत नाय. मागल्या टायमाला सगले आले, मला एकट्याला ठेवला. यंदा गणपतीची पाळी माझी हाय."

त्यांच्या भावकीचा गणपती एकच. दरवर्षी तो वेगळ्या भावाच्या घरी बसतो. आसपासच्या भावक्यांतही हीच रीत. धर्माच्या घरी तो बऱ्याच वर्षांनी येणार होता. पाळी चुकली की पुन्हा तेवढीच वाट बघायची.

त्याची भीती खरी होती. पण उपाय चुकीचा होता. विमानाच्या दिवशी काम अर्धवट असतं, तर कंपनीने हेडवेल्डरला सोडलं नसतं. विमान त्याच्याशिवाय उडालं असतं.

मी विचारलं, "यंदा पाळी आणखी कुणाकुणाची?"

बाहेर बसलेल्या फिटर-वेल्डरांत गलका झाला. "माज्याकडं नाय, मोठ्या भावाकडं!" "याच्याकडं कशाला ठेवतील? याला आरती तरी येते काय?" निम्म्याहून जास्त जणांच्या घरी यंदा गणपती नव्हताच.

नियमित विमान कंपनी परतीला ग्रुपच्या दोन तुकड्या करून देत होती. नावं मात्र आधी द्यायची. मी साहेबांना म्हटलं, "ज्यांच्या घरी गणपती, ते पहिल्या तुकडीत. रिफायनरीकडून हे आत्ताच कबूल करून घ्या. आणि हेडवेल्डर दोन पाठवा, म्हणजे एकाला मागे ठेवलं तरी दुसरा येऊ शकेल."

"दोन? दुसऱ्याचा पगार तुम्ही देणार का?"

"चार्टरच्या रिकाम्या सीटांचं भाडं देण्यापेक्षा तो स्वस्त पडेल."

साहेबांनी माझ्याच कोटेशनच्या मागे आकडेमोड केली. मग एजंटला चहा पाजून वाटेला लावलं. दुसरा हेडवेल्डर म्हणून धर्माचा चुलतभाऊ कृष्णा गेला.

काम लांबलंच. चार्टर ठरल्या दिवशी उडालं. ते इतर दोन ठेकेदारांनी मिळून घेतलं होतं, पण त्यांची थोडीच माणसं त्यात होती. उरलेल्यांना नंतर पूर्ण दराने तिकिटं काढावी लागली. आमची पहिली तुकडी मात्र वेळेवर उतरली आणि धर्माने पेणजवळच्या जोह्याच्या गणपतींच्या कारखान्यातून मूर्ती स्वतः डोक्यावरून घरी नेली.

कृष्णा आला विसर्जन झाल्यावर. बॅग घेऊन थेट माझ्याच ऑफिसात. "भाऊ, पुढल्या वर्षी पाळी माझी. तवा या धर्माला ठेवा तिकडं, रमजान ईद करून येऊ दे!"

चार्टर वाईट नसतं. सगळ्यांचं काम एकाच दिवशी संपत असेल तर आजही मी तेच सुचवतो. पण ग्रुप आला की भाडं नंतर काढतो. कुणाला कुठल्या दिवशी घरी पोचलंच पाहिजे, ते आधी विचारतो.