महिनाभराचं हळदीकुंकू

"हळदीकुंकू एका संध्याकाळचं असतं, अरुणा! महिन्याचं नव्हे!"

"कोण म्हणतं? चैत्रगौर तृतीयेला झोपाळ्यात बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत हलत नाही. तोवर कुठल्याही दिवशी बायका बोलवाव्यात. आम्ही रोज बोलावतो, एवढंच."

"मी लखनौत वाढलो, आमच्या घरी गौर नसायची. मला काय ठाऊक?"

"म्हणूनच मीटिंगमध्ये मान डोलावलीत ना!"

सुबोधरावांनी मान डोलावली होती, हे खरंच होतं. लखनौच्या 'वृंदावन योजना' वसाहतीतल्या या सोसायटीचे ते सेक्रेटरी. बायको म्हणाली, "क्लब हाउसमध्ये गौर बसवते, उठेपर्यंत जागा लागेल." त्यांनी छातीठोकपणे कमिटीला सांगून टाकलं, "अरे भाई, दो घंटे का प्रोग्राम है."

अरुणाताई मूळच्या साताऱ्याच्या. लग्न होऊन इथं आल्या, विमा कंपनीत नोकरी केली, निवृत्त झाल्या. मोर्च्यात कधी गेल्या नाहीत. गर्दी पाहिली की त्यांना गरगरतं. भाषण करायचं तर जीभ टाळूला चिकटते. खोड एकच. दारात कुणीही येवो, कुरिअरवाला, प्लंबर, वर्गणीवाले, पहिला प्रश्न ठरलेला: "पानी पिओगे?"

गीता मात्र कायम नको म्हणायची. ती त्यांच्याकडे आणि आणखी तीन घरी धुणीभांडी करते. फाल्गुनातच ऊन असं तापलेलं, तरी नको. एक दिवस अरुणाताईंनी ग्लास पुढे धरून वाटच अडवली.

"पिएँगे तो जाना पड़ेगा न, दीदी. जाएँ कहाँ?"

सकाळी घरून निघालेली ही बाई अंधार पडेपर्यंत तशीच. कामाच्या घरांत बाथरूम वापरायची सोय नाही. क्लब हाउसचं बाथरूम रहिवासी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी, असा नियम. मध्यंतरी तिला जळजळ होऊन ताप भरला होता. डॉक्टरनं सांगितलं, पाणी पी. पाणी!

अरुणाताईंनी आपलं बाथरूम उघडं केलं. गीता यायला लागली. पण बाकीच्या टॉवरांत कामाला येणाऱ्या बायका चौथ्या मजल्यावर कशा येणार? मालकिणीला काय सांगणार?

मग चैत्र लागला आणि अरुणाताईंनी गौर बसवली. सोसायटीत पाऊल टाकणारी प्रत्येक बाई पाहुणी! कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. कुंकू लावत नसेल तिच्या मनगटाला लखनौच्या चौक बाजारातून आणलेलं अत्तर. "दीदी, ये दाल है कि चटनी?" म्हणत बायका हसून लोटपोट व्हायच्या, दोन ग्लास पन्हं रिचवायच्या आणि मग ऐटीत आत जाऊन यायच्या. पाहुण्याच त्या! हटकणार कोण?

कमिटीच्या अध्यक्षांनी, मिश्राजींनी, हटकून पाहिलं. "भाभीजी, चैत तो पूनम को बीत गया!"

"आपका बीता होगा, भाईसाब. हम मराठियों का अमावस तक चलता है. और गौर उसके बाद भी बैठी रहती है!"

मिश्राजींनी तरातरा जाऊन सुबोधरावांना गाठलं. तेव्हापासून घरात हे असं.

"उद्या अक्षय्य तृतीया," सुबोधराव घड्याळ मनगटावर चढवत म्हणाले. "उद्या गौर उठेल. परवापासून बाथरूमला कुलूप. आज मीटिंगमध्ये ठराव मलाच मांडायचाय."

"मांडा की."

"तू चिडत का नाहीस?"

"चिडून कुणाचं भलं झालंय?"

"असं शांत बोललीस की मला भीती वाटते, अरुणा. बारा वर्षं या लोकांत काढली. मिश्राजींशी वाकडं घेतलं तर उद्या साधा नमस्कार करणार नाही कुणी."

"ते आहेच." अरुणाताई पदराला हात पुसत पुढे आल्या. "ठरावाचं तुम्ही बघा. मला एकच सांगा. आज गीतानं जाताना विचारलं, 'दीदी, परसों से पानी पिएँ कि नहीं?' मी म्हटलं, साहेबांना विचारून सांगते."

सुबोधराव चपलेत पाय घालत होते. ते थांबले.

"मग? काय सांगू तिला?"

खालून मिश्राजींची हाक आली. सुबोधरावांनी बायकोकडे पाहिलं, "मीटिंग होऊ दे, मग सांगतो," एवढं म्हणाले. आणि दार ओढून घेत, लिफ्टची वाट न बघता, जिन्यानं निघून गेले.